स्वस्तातलं भूत

रामसे बंधूंच्या सिनेमात कुठे हसायचं हे आता ठरून गेलं आहे. सामरीचे दात दिसले की हसायचं, रबरी मुखवट्याची कड मानेपाशी सुटलेली दिसली की हसायचं, थडग्यातून निघणारा धूर जरा जास्त झाला की हसायचं. हल्ली शहरांत असे सिनेमे पडद्यावर लावून सगळ्यांनी मिळून बघण्याची टूम निघाली आहे. तिथे येणारी मंडळी नावं झळकायच्या आधीच हसायच्या तयारीत असतात. हसणाऱ्यांशी माझं भांडण नाही, कित्येक ठिकाणी मलाही हसू आवरत नाही. पण 'इतका वाईट की मजा येते' असा शिक्का एकदा सगळ्यांवर मारला, की त्यांतला चांगला कुठला आणि टाकाऊ कुठला हे बघायची कुणाला गरजच उरत नाही. मी पंधराएक वर्षं स्वस्त भयपटांच्या सीड्या आणि डीव्हीड्या जमवतो आहे. दोनशेच्या वर झाल्या असतील. त्यांतल्या निम्म्या मी कुणाला 'बघ' म्हणून देणार नाही. उरलेल्यांबद्दल मात्र सांगण्यासारखं बरंच आहे.

हे सिनेमे मी जिथे पाहिले ती जागा सांगायला हवी, कारण माझी मतं तिथेच तयार झाली. बेंगळुरूहून होसूरकडे निघालं आणि इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकली, की बोम्मसंद्राची औद्योगिक वसाहत लागते. बाहेरच्यांना इथलं बायोकॉन माहीत असतं, नारायण हृदयालय माहीत असतं. आत गल्ल्यांमध्ये लहान लहान कारखाने आहेत. त्यांतल्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मी 2009 साली मिरजेहून आलो. तेव्हा इलेक्ट्रॉनिक सिटीचा उड्डाणपूलही सुरू झाला नव्हता. ऑगस्ट 2025पासून मेट्रो थेट बोम्मसंद्रापर्यंत येते, पण त्या काळी शहरात जाऊन सिनेमा बघून परतायचं म्हणजे सुट्टीचा अख्खा दिवस रस्त्यावर घालवायचा. त्यामुळे सिनेमा खोलीवरच. आम्ही सहा जण होतो: झारखंडचे दोघे, धर्मपुरीचा एक, ओडिशाचा एक, टूलरूममध्ये काम करणारे बेळगावचे एक वयस्क मामा आणि मी. एक टीव्ही, एक डीव्हीडी प्लेअर, आणि सगळ्यांना थोडी थोडी येणारी हिंदी.

अशा खोलीत कुठला सिनेमा चालतो? संवादांवर चालणारा चालत नाही. विनोदी सिनेमात निम्म्यांना विनोद कळत नाही. मारामारी सगळ्यांना कळते, पण तीन मारामाऱ्यांनंतर कंटाळा येतो. भुताचं तसं नाही. दार करकरलं की ते धर्मपुरीच्या पोराला जितकं कळतं तितकंच मामांना. त्यात भुताचे सिनेमे सगळ्यांत स्वस्त मिळायचे. मॅजेस्टिकजवळच्या नॅशनल मार्केटमध्ये ढिगात हात घातला की एखादा सापडायचाच. शिवाय मोसर बेअर होती. रिकाम्या डिस्क बनवणारी ही कंपनी सिनेमांच्या धंद्यात उतरली तेव्हा तिने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना काढली होती. त्याआधी अस्सल डीव्हीडी ही आमच्यासारख्यांनी विकत घ्यायची वस्तू नव्हती. पुढे कंपनी बुडाली आणि 2018मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. पण तिच्या त्या पातळ कागदी वेष्टनांनी माझ्यासारख्या कित्येकांचा संग्रह उभा केला.

आमच्या घरी आणि खोलीवरही या सगळ्याला सरसकट 'सीडी'च म्हणायचे. वस्तू मात्र दोन आहेत, आणि हा फरक माझ्या धंद्यातला असल्यामुळे मला तो आवडीने सांगावासा वाटतो. दोन्ही पॉलिकार्बोनेटच्या. आम्ही त्याला नुसतं 'पीसी' म्हणतो. हा दाणा मशीनमध्ये टाकण्याआधी तीन-चार तास तापवून सुकवावा लागतो, नाहीतर आतल्या ओलीमुळे मालावर चंदेरी रेघा उमटतात. साच्यात दाबलेल्या पीसीच्या अंगावर बारीक खड्डे उठतात, त्यांवर ॲल्युमिनियमचा थर चढतो, आणि त्या खड्ड्यांत सिनेमा असतो. व्हीसीडीची जाडी 1.2 मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमचा थर वरच्या, म्हणजे चित्र छापलेल्या बाजूला, पातळ लॅकरखाली. लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर खुशाल पेनाने नाव लिहितात. खरं तर ओरखडा वरून पडला तर सिनेमाच खरवडला जातो. डीव्हीडीत 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि थर त्यांच्यामध्ये सुरक्षित असतो. निदान डिंक सुटेपर्यंत.

व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपासच मावतं, म्हणून हिंदी सिनेमा दोन भागांत यायचा. त्यामुळे व्हीसीडीवरच्या भुताला मध्यंतर असायचं, आणि ते दिग्दर्शकाने ठरवलेलं नसायचं. नायिका जिन्यावर पाय ठेवते, पडदा निळा होतो, आणि कुणीतरी उठून दुसरी डिस्क घालतो. चित्रही इतकं ढोबळ, की अंधारात काय आहे ते दिसायचंच नाही. हाच सिनेमा पुढे डीव्हीडीवर पाहिला तेव्हा त्या अंधारात निळा आणि लाल असे दोन वेगळे उजेड होते हे मला पहिल्यांदा कळलं. मुखवट्याची कडही तेव्हाच दिसली. स्वच्छ चित्र दोन्ही गोष्टी एकदम दाखवतं: काम किती निगुतीने केलं आहे ते, आणि पैसे कुठे संपले ते.

रामसेंचं काम निगुतीचं होतं असं मी म्हणतो, कारण तो घरचा कारखाना होता. वडील फतेहचंद यू. रामसे फाळणीआधी कराचीत रेडिओच्या धंद्यात होते, नंतर मुंबईत आले. त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' 1970 साली आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या भागाला प्रेक्षक दचकत होते, हे मुलांनी थिएटरात बसून पाहिलं. मग सात भावांनी कामं वाटून घेतली. कुमार पटकथा लिहिणार, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाजाकडे, अर्जुन संकलनाला, केशू निर्मिती बघणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार. 'दो गज जमीन के नीचे' (1972) साठी सगळं कुटुंब आणि युनिट महाबळेश्वरला गेलं. राहायचं तिथेच शूटिंग करायचं. सेट बांधायचा खर्च नाही, धुकं फुकट. आज जिथे लोक स्ट्रॉबेरी खायला जातात, तिथे हिंदी भयपटाचा पाया घातला गेला.

आता क्रमवारी. माझ्या मते सगळ्यांत चांगला 'बंद दरवाजा' (1990), त्यानंतर 'पुराना मंदिर' (1984), आणि थोड्या अंतराने 'वीराना' (1988). 'पुराना मंदिर' जास्त चालला, जास्त गाजला. सामरी झालेला अजय अगरवाल हा रुरकीला शिकलेला इंजिनिअर. त्याच्या उंचीला आणि चेहऱ्याला मुखवट्याची फारशी गरजच नव्हती. सामरीचं धड एकीकडे आणि मुंडकं पेटीत बंद, ही कल्पना साधी आणि जबरदस्त आहे. पेटी दिसली की प्रेक्षक आपोआप ती उघडायची वाट बघतो. पण याच सिनेमात जगदीपचं 'शोले'च्या नकलेचं एक ठिगळ आहे आणि ते काही केल्या संपत नाही. डीव्हीडीचं पुढच्या प्रकरणावर नेणारं बटण अशा जागांसाठीच असावं. 'वीराना'त रंगीत उजेडाचं काम सगळ्यांत देखणं, गोष्ट मात्र सगळ्यांत विस्कळीत. सतीश शहा त्यात 'हिचकॉक' नावाचा भयपट दिग्दर्शक होतो. म्हणजे आपल्याला हसणारे भेटणार हे रामसेंना आधीच ठाऊक होतं. आणि 'महाकाल' ही 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'ची उघड नक्कल. ती मी वर्षातून एकदा बघतो, पण कुणाला सुचवत नाही.

स्वस्तात केलेल्या कामाला कुठल्या मापाने मोजायचं, हा माझा नेहमीचा प्रश्न. आमच्याकडे ड्रॉइंगवर प्रत्येक मापाशेजारी किती कमी-जास्त चालेल ते लिहिलेलं असतं. बादलीच्या झाकणाला जे चालतं ते सुईच्या टोपणाला चालत नाही. सिनेमाचंही तसंच. हर्क हार्वी नावाचा एक अमेरिकन दिग्दर्शक कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी सेंट्रॉन या कंपनीत कारखान्यांसाठी आणि शाळांसाठी माहितीपट करायचा. त्याने रजा काढून, साधारण तेहतीस हजार डॉलरांत, 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (1962) हा एकच कथापट केला. त्यात भूत म्हणजे पांढरा रंग फासलेला चेहरा. तो चेहरा हार्वीचा स्वतःचाच, कारण नट घ्यायला पैसे नव्हते. पण मिठाच्या सरोवराकाठचं ओसाड करमणूकघर आणि चर्चमधल्या ऑर्गनचा आवाज एवढ्या दोन गोष्टींवर त्याने जे उभं केलं, ते बघून मला रात्रपाळीला जिना उतरताना मागे वळून बघावंसं वाटलं. कारखान्यांच्या फिल्म करणाऱ्या माणसाला रिकामं मोठं आवार कसं दिसतं हे बरोबर ठाऊक होतं.

जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (1968) ची गोष्ट तर डीव्हीडी जमवणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. साधारण एक लाख चौदा हजार डॉलरांत केलेला सिनेमा, त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. प्रदर्शनाआधी वितरकाने नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे सिनेमा त्यामुळे सार्वजनिक मालकीचा झाला. करणाऱ्यांचे पैसे बुडाले. पण कुणीही त्याची सीडी काढावी आणि विकावी, अशी मोकळीक मिळाल्यामुळे तो जगभर पोचला, माझ्या ढिगातसुद्धा. माझ्याकडे त्याच्या तीन डीव्हीडी आहेत, तिन्ही एकीपेक्षा एक काळवंडलेल्या. मूळ निगेटिव्हवरून नीट दुरुस्त केलेली प्रत 2018मध्ये डिस्कवर आली, तेव्हा लोकांना पन्नास वर्षांनी कळलं की हा सिनेमा गबाळा नव्हताच, प्रती गबाळ्या होत्या. रामसेंना हसणाऱ्यांना मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं. आपण जे हसलो त्यातलं किती सिनेमाला होतं आणि किती खराब प्रतीला?

'बंद दरवाजा' मला पहिला वाटतो त्याचं कारण मात्र उजेड किंवा मुखवटा नाही. त्याची गोष्ट अशी. ठकुराईनला मूल होत नाही. मोलकरीण तिला काळ्या पहाडीवर नेवलाकडे घेऊन जाते. नेवला म्हणजे वटवाघळाचं रूप घेणारा, शवपेटीत झोपणारा, इंग्रजी ड्रॅक्युलाचा आपल्याकडचा भाऊ. तो मूल द्यायला तयार होतो, पण एका अटीवर. मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी.

आमच्या खोलीवर हा सिनेमा लागला तेव्हा त्या अटीच्या जागी कुणी हसलं नाही. ओडिशाच्या मित्राची बायको तेव्हा गावी दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिली मुलगी. घरचे रोज फोनवर काय बोलतात ते आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तो उठला आणि गच्चीवर गेला. झारखंडच्या एकाने सिनेमा थांबवला. मामा म्हणाले, "चालू दे रे, तो येईल." तो आला नाही. दुसरी डिस्क त्या रात्री लागलीच नाही. अडीच महिन्यांनी त्याला दुसरी मुलगी झाली. तो मैसूरपाकाचा खोका घेऊन आला आणि प्रत्येकाच्या हातावर जरा जास्तच जोरात एकेक वडी ठेवत गेला. मग म्हणाला, "तो सिनेमा पुरा करू या. नेवला मरतो की नाही?" मरतो, असं मी सांगितलं. तरी त्याला ते बघायचं होतं.

त्यानंतर मी रामसेंचे सिनेमे वेगळ्या नजरेने पुन्हा पाहिले. 'पुराना मंदिर'मधला शाप काय आहे? त्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. बाप मुलीच्या लग्नाच्या आड येतो. नायकाला वाटतं, आपण गरीब म्हणून. बाप मात्र मुलीच्या बाळंतपणाला भीत असतो. 'बंद दरवाजा' 1990चा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला 1988 साली, आणि देशाचा कायदा झाला 1994मध्ये. म्हणजे या दोन कायद्यांच्या मधल्या काळात, ज्या सिनेमाला कुणी गंभीरपणे घेत नव्हतं, त्यात एक राक्षस उघडपणे म्हणत होता की मुलगी मला द्या. तेव्हाच्या नावाजलेल्या किती हिंदी सिनेमांना हे बोलता आलं? रामसेंनी हे विचारपूर्वक केलं असेल, असा माझा दावा नाही. त्यांनी लोक कशाला भितात एवढंच पाहिलं, आणि लोक खरोखर त्यालाच भीत होते.

हे म्हणताना त्यांची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. याच सिनेमांत बाईला धबधब्याखाली, न्हाणीघरात, ओल्या साडीत उभं करायचं काम नेमाने चालतं, आणि कॅमेरा राक्षसाच्याच नजरेने तिच्याकडे बघतो. सहा पुरुषांच्या खोलीत ते चालून जायचं. मिरजेला घरी नेलेल्या डीव्हीड्या मी बहिणीसमोर लावल्या नाहीत, आणि तिने विचारल्यावर कारण सांगता आलं नाही. तिने पुढे मला विशाल फुरियांचा 'लपाछपी' बघायला लावला. पूजा सावंत, उषा नाईक, उसाच्या फडात हरवलेलं एक घर, आठव्या महिन्यातली बाई, आणि त्या उसात दडलेल्या मुली. 2017 साली प्रदर्शित झालेला हा मराठी सिनेमा पुढे 'छोरी' नावाने हिंदीत गेला. राक्षसाची अट तीच आहे, पण इथे ती घालणारी घरातली माणसं आहेत आणि कॅमेरा बाईच्या बाजूला उभा आहे. आमच्या भागात ऊस म्हणजे पैसा. 2001च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, 2011मध्ये 894. 'लपाछपी'तला ऊस बघताना हे आकडे आठवले. बहीण म्हणाली, "तुझ्या रामसेंनी भूत बरोबर पकडलं, दादा, पण चुकीच्या खांद्यावर बसवलं." याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही.

कर्नाटकात राहून माझ्या यादीत कन्नड भुतांची भर पडली. आमच्या घरमालकीणबाईंनी, अक्कांनी, मला 'नाळे बा' सांगितलं. नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या आसपास वस्त्यांमधून बोललं जायचं की रात्री एक बाई दार वाजवते, ओळखीच्या आवाजात हाक मारते, आणि दार उघडलं तर माणूस संपला. म्हणून दारावर 'नाळे बा' लिहायचं, म्हणजे 'उद्या ये'. ती वाचते आणि परत जाते, उद्या पुन्हा वाचते. 'स्त्री' (2018) या हिंदी सिनेमाने हीच कल्पना उचलली. अक्कांच्या माहेरच्या दारावर खडूने लिहिलेलं असायचं. "भूत शिकलेलं होतं," त्या म्हणाल्या, "मला तेव्हा वाचता येत नव्हतं." त्यांच्याच सांगण्यावरून मी 'ना निन्न बिडलारे' (1979) शोधला. नायक अनंत नाग. कन्नडचा हा मोठा नट घडला मुंबईच्या रंगभूमीवर, मराठी नाटकंसुद्धा करत. सिनेमाच्या नावाचा अर्थ 'मी तुला सोडू शकत नाही'. हे वाक्य प्रियकराचंही असू शकतं आणि भुताचंही, आणि मराठीत आणलं तरी ते तसंच दोन्हीकडे लागू पडतं. उपेंद्रने 1993 साली केलेल्या 'श्श्श!' या सिनेमात तर भुताच्या सिनेमाचं शूटिंग चालू असतानाच माणसं मरू लागतात. कमी खर्चात केलेला आणि कमालीचा चलाख. मामांनी शेजारी बसून अर्धं भाषांतर केलं. उरलेलं लागलं नाही.

आता जे मनाला लागून राहिलं आहे त्याकडे वळतो. रामसेंचे सिनेमे आज जगात सगळ्यांत चांगल्या रूपात बघायचे असतील, तर ते परदेशी डिस्कवर. मोंडो मकाब्रो या लेबलने, लेखक पीट टूम्ब्स यांच्या पुढाकाराने, या सिनेमांच्या डीव्हीडी जोडीजोडीने काढल्या आणि 2023मध्ये सहा सिनेमांचा ब्लू-रे संच काढला. याच लेबलने 1967चा 'जिंदा लाश' हा पाकिस्तानी ड्रॅक्युलापटही डीव्हीडीवर आणला. तो मिळवून देण्यात वाटा होता उमर अली खान यांचा, आणि ते गृहस्थ आइस्क्रीमची दुकानं चालवायचे. मला या माणसांचं कौतुक वाटतं. या लोकांना हे सिनेमे विनोदी वाटत असतीलही, पण ते निगेटिव्ह शोधायला गेले, करणाऱ्यांना भेटले, त्यांना बोलतं केलं. तुलसी रामसे 2018च्या डिसेंबरात गेले, श्याम 2019च्या सप्टेंबरात, गंगू 2024मध्ये. त्यांच्याबद्दल शम्य दासगुप्तांचं इंग्रजी पुस्तक वेळेवर, 2017मध्ये आलं. काही वर्षं उशीर झाला असता तर विचारायला फार थोडे उरले असते.

मराठीत काय? 'हा खेळ सावल्यांचा' (1976) मधली गाणी घरोघर पाठ आहेत, एका गाण्याच्या ओळीवरून पुढे मालिकेचं नाव ठेवलं गेलं. पण वसंत जोगळेकरांच्या त्या कृष्णधवल सिनेमातल्या सावल्या स्वच्छ प्रतीवर पाहिलेला माणूस मला भेटायचा आहे. महेश कोठारेंच्या 'धडाकेबाज'ला (1990) पहिला मराठी सिनेमास्कोप चित्रपट म्हणून मान आहे. त्यात बाटलीतला गंगाराम आहे, कवट्या महाकाळ आहे. माझ्या व्हीसीडीवर या सिनेमास्कोपच्या दोन्ही बाजू कापल्या आहेत आणि निम्म्या दृश्यांत बोलणारा माणूस चौकटीबाहेर उभा असतो. 'झपाटलेला' (1993) वर 'चाइल्ड्स प्ले'ची छाया आहे हे खरं. पण रामदास पाध्यांची बाहुली आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज मिळून जो तात्या विंचू झाला, तो अमेरिकन चकीहून मला जास्त खरा वाटतो, कारण बोलक्या बाहुल्यांची परंपरा पाध्यांच्या घरात वडिलांपासून होती. त्या बाहुलीच्या चेहऱ्यावरचं काम, तिच्या जबड्याची फट, तिचे डोळे फिरवायची युक्ती, हे सगळं मला स्वच्छ चित्रात थांबवून थांबवून बघायचं आहे. साचेकामातल्या माणसाला ते बघायचा हक्क आहे.

जपणूक हा आपल्याकडे प्रतिष्ठित सिनेमांनाही न मिळालेला मान आहे. 8 जानेवारी 2003ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या मूळ प्रती कायमच्या गेल्या. जिथे असे सिनेमे जळतात, तिथे बाटलीतल्या गंगारामाची काळजी कोण करणार, असं विचारता येईल. माझं उत्तर असं की अशा सिनेमांची काळजी नेहमी सामान्य चाहत्यांनीच केली आहे. ज्याच्याकडे एक डिस्क होती आणि जो ती फेकायला तयार नव्हता, त्याच्याकडून पुढचे प्रयत्न सुरू झाले. मोबाइलवर आज सगळं मिळतं असं म्हणतात. मिळतं, आणि एके दिवशी हक्कांची मुदत संपली की नाहीसं होतं. कुणी नेलं ते विचारायला दुकानदारही नसतो.

म्हणून माझ्या डिस्क मी उभ्या ठेवतो, उन्हापासून लांब, वरच्या बाजूला काही न लिहिता. बेंगळुरूची हवा त्यांना मानवते. मिरजेच्या उन्हाळ्यात राहिलेल्या काही सीड्यांच्या कडा आतून तपकिरी व्हायला लागल्या आहेत. त्यांची नक्कल काढायचं काम चालू आहे. प्लेअरची लेन्स दोनदा बदलून झाली. एसपी रोडवरचा दुरुस्तीवाला मागच्या वेळी म्हणाला, हा शेवटचा सुटा भाग, पुढे मिळेल असं सांगता येत नाही. मी त्याच्याकडून आणखी एक जुना प्लेअर सुट्या भागांसाठी घेतला. ओडिशाचा मित्र आता भुवनेश्वरजवळ असतो. त्याची थोरली मुलगी भुताचे सिनेमे बघायचा हट्ट धरते म्हणून त्याने विचारलं, आधी कुठला लावू. रामसे अजून नको, असं मी त्याला कळवलं, आणि 'झपाटलेला'ची सीडी पाठवून दिली. मराठी तिला कळणार नाही. बाहुली कळेल.